दम आणि घड्याळ

कर्जत-खालापुरात भातकापणी उरकली की मोकळ्या खाचरात पाणी शिंपून कबड्डीचे मैदान तयार होते. पूर्वीचा हा हुतूतू. चढाई किती लांबवायची ते गड्याची छाती ठरवी. दम तुटला की बाद. 1936 साली बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हाच खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखवला.

2014 साली प्रो कबड्डी आली. चढाई 30 सेकंदांची झाली. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे सक्तीचे. खेळ न कळणाराही पडद्यापुढून हलू नये, यासाठी हा सारा खटाटोप. 2006 साली निंटेंडोने आजीबाईंनाही खेळता येईल असे ‘वी’ यंत्र काढले, तेव्हा मुरलेले खेळाडू असेच चिडले होते.

आमच्या जाणकारांचा राग आम्हांला खोटा वाटत नाही. मात्र वेळकाढू चढायांनी आम्हीही पूर्वी जांभया दिल्या आहेत. शिवाय अमर, गामिनी, संजीवनी या तीन प्रकारांतून संजीवनीच पुढे टिकली. बाद गडी पुन्हा उठतो हे पाहून गामिनीवाल्यांनी नाक मुरडले असेलच! दम अजून नियमात आहे. निदान गावच्या मातीवर तरी पंचांनी घड्याळाबरोबर तोही ऐकावा, एवढेच आमचे मागणे.