वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा कारागीर

अमरावतीहून नागपूरच्या वाटेवर नांदगाव पेठ लागते. येथल्या औद्योगिक वसाहतीत कापडउद्योग आला, औष्णिक वीजकेंद्र आले. आणि पीएम मित्र योजनेतील ज्या वस्त्रोद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात झाली, तेही येथलेच. कापसाच्या मुलखात कापड व्हावे, ही अपेक्षा साधी आहे. तिला दीडशे वर्षे का लागावीत, हा प्रश्न तितका साधा नाही.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे अमेरिकेतील यादवीने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खुला केला. खाणीतून कोळसा उपसावा तसा कापूस उपसून मुंबईमार्गे न्यायचा, अशी ती व्यवस्था होती. अशा उपशाभोवती स्थानिक पुरवठादार उभे राहतात का, हे आज नायजेरियाच्या तेलाविषयी विचारले जाते. तेथे २०१० मध्ये त्यासाठी कायदाही झाला. वऱ्हाडविषयी हे विचारण्याची गरज त्या काळच्या सरकारला वाटली नाही.

काम कोणाला मिळाले? अडत्याला, हमालाला, गाडीवानाला, आणि गाडीच्या चाकापुरते सुतार-लोहाराला. हातरेच्यावर सरकी काढण्याचे काम वाफेच्या जिनाने नेले, आणि जिन-प्रेसची यंत्रे विलायतेची. कोष्ट्यांविषयी तर कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी आपली आशा निःसंकोच नोंदवली आहे: मँचेस्टरचे स्वस्त कापड आले की विणकर माग सोडून शेतात राबतील आणि कापूस वाढेल. क्षमता उभारणे दूरच, होती ती मोडण्याचाच हा हिशेब! आपल्या ग्रामीण साहित्यात शेतकरी सतत भेटतो. माग सोडलेला कोष्टी मात्र क्वचितच, याचे मला नवल वाटत आले आहे.

अपवाद होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, ती कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ म्हणूनच. पण वऱ्हाडात यंत्रे बाहेरचीच राहिली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' कापसासाठीच घातलेली. तिचे १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते.

तेव्हा नांदगाव पेठेत कापड किती विणले जाईल, यापेक्षा मला वेगळीच उत्सुकता आहे. तेथल्या मागाचा एखादा भाग मोडला, तर तो अमरावतीच्या लेथवर घडेल, की सुरतेहून मागवावा लागेल?