जिओकॅशिंगमधील शिष्टाचार

जिओकॅशिंगमधील शिष्टाचार म्हणजे जीपीएसच्या साहाय्याने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळात पाळावयाचे संकेत होत. अशा डब्याला 'कॅश' म्हणतात. रोख रकमेशी या शब्दाचा संबंध नाही. खेळाला पंच नसल्यामुळे सारा व्यवहार परस्परविश्वासावर चालतो.

३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिली कॅश ठेवली. नागरी जीपीएसच्या अचूकतेवरील बंधन अमेरिकी शासनाने नुकतेच उठवले होते. काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, हा संकेत तेव्हापासूनचा आहे. मात्र अल्मर यांची बादली अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यात घेवड्याचा हवाबंद डबाही होता. आजच्या संकेतांत या दोन्ही गोष्टी बसत नाहीत: खोदकामाने जमिनीची हानी होते आणि खाद्यपदार्थांकडे प्राणी ओढले जातात.

घेतलेल्या वस्तूच्या तोडीची वस्तू ठेवणे आणि डबा होता तसाच झाकणे अपेक्षित असते. वही भिजलेली आढळल्यास अनुभवी खेळाडू मालकाला कळवतात. कित्येकदा कोरडा कागद स्वतःच ठेवून येतात. खेळाबाहेरच्या व्यक्तीला 'हॅरी पॉटर'मधील 'मगल' हा शब्द रूढ असून तिच्यादेखत डबा काढत नाहीत. ही गुप्तता कधी अंगलटही येते. २०११मध्ये इंग्लंडमधील वेदरबी येथे एक कॅश बॉम्ब समजून नियंत्रित स्फोटाने उडवण्यात आली. म्हणूनच जागामालकाची परवानगी घेणे आणि डब्यावर खेळाचे नाव लिहिणे आवश्यक मानले जाते.

स्थानिक खेळाडू मेळाव्यांतून एकत्र येतात. परिसरातील कचरा उचलण्याचे 'कॅश इन, ट्रॅश आउट' मेळावे त्यांपैकीच होत.