जुनी होण्याची मुभा

पांढुर्णा आणि सौसर ही नावे गोव्यात फारशी कुणाच्या कानावरून गेली नसतील. गेली असलीच तर ती गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची माणसे एकमेकांवर दगड भिरकावतात, त्याची बातमी दरवर्षी येते आणि मग वर्षभर आपण त्या गावांना विसरून जातो. नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. संत्र्याच्या बागा, कापूस आणि घरात बोलली जाणारी मराठी. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पण छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर हे दोन तालुकेही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला.

आज या मुलखाविषयी लिहायचे कारण मात्र गोटमार नव्हे की संत्रीही नव्हेत. कारण आहे दारू. नेमके सांगायचे तर जुनी दारू, आणि ती तिथे का नाही हा प्रश्न.

वाइनच्या जगात एक जुनी चाल आहे. एकाच मळ्याची, एकाच नावाची वाइन घ्यायची, पण वेगवेगळ्या वर्षांची. पाच-सात पेले ओळीने मांडायचे आणि कोवळ्या वाइनपासून म्हातारीपर्यंत चाखत जायचे. जमीन तीच, वेली त्याच, बहुधा करणारा हातही तोच. बदलते ते फक्त वर्ष आणि बाटलीत गेलेला काळ. कोवळ्या तांबड्या वाइनचा रंग जांभळट असतो, तिला ताज्या फळाचा वास येतो आणि द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा जिभेला ओढून धरतो. वर्षे जातात तसे हे तुरट द्रव्य आणि रंगद्रव्य एकमेकांत गुंततात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मऊ होतो. ताज्या फळाचा वास जाऊन सुक्या मेव्याचा, चामड्याचा, ओल्या पाचोळ्याचा वास येऊ लागतो. सगळ्याच वाइनला हे साधत नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असते. जी टिकते, वाढते, तिला मान मिळतो.

हा मान किती मोठा, हे एका स्पर्धेने दाखवले. १९७६ साली स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्हींत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची वाइन. फ्रेंचांचे म्हणणे पडले की आज ठीक आहे, पण या अमेरिकी वाइन म्हाताऱ्या होणार नाहीत. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच तांबड्या वाइन पुन्हा उघडल्या गेल्या. या वेळी पहिली आली ती रिज मळ्याची १९७१ सालची वाइन, तीही कॅलिफोर्नियाचीच. १९७६ साली ती पाचवी होती.

हेच स्परियर पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला आले आणि फ्राटेल्ली या वाइनरीबरोबर त्यांनी वाइन काढली. २०२१ साली ते वारले. अकलूजच्या या मळ्याची ‘सेत्ते’ नावाची तांबडी वाइन आहे. इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात. २००९ सालच्या द्राक्षांपासून ती निघू लागली. सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही तिची द्राक्षे. म्हणजे आज मराठी मुलखातल्या एकाच मळ्याची वेगवेगळ्या वर्षांची वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखता येते. आमच्या वडिलांच्या पिढीला हे खरे वाटले नसते.

पण द्राक्षाची वाइन ही शेवटी पाहुणीच. आपल्या मातीतल्या दारूचे काय? ती म्हातारी होते का?

गोव्यात या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या गाळपात निघते ती हुर्राक. ती हंगामाची सोबतीण, मार्च ते मे. तिला साठवून ठेवण्यात अर्थ नसतो. पुन्हा गाळली की फेणी, आणि ती मात्र राहते. जुन्या घरांत वेताच्या आवरणातल्या काचेच्या मोठ्या गराफांवात फेणी भरून कोपऱ्यात ठेवलेली असायची. कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या बाळंतपणासाठी, सर्दी-पडशासाठी. आता काच म्हणजे लाकूड नव्हे. लाकडी पिंपात दारूला रंग येतो, लाकडाचा गंध येतो. काचेत असे काही होत नाही. तरीही बुचातून थोडी हवा आत-बाहेर होते, उग्र वासाचा पहिला तडाखा उडून जातो, आणि नव्या फेणीचा नाकात जाणारा झोंबरेपणा निवतो. एकाच भट्टीची यंदाची आणि दहा वर्षांची फेणी शेजारी ठेवा, हा फरक कळायला तज्ज्ञ लागत नाही.

कुणी म्हणेल, आपली हवा उष्ण, इथे दारू नीट जुनी कशी होणार? त्याला उत्तर आपल्याच समुद्राने दिलेले आहे. मादेइरा बेटाची वाइन पिंपांत भरून पोर्तुगीज जहाजे पूर्वेकडे निघत. विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने उन्हात तापून आणि हिंदकळून काही पिंपे परत लिस्बनला पोहोचत. ती वाइन बिघडण्याऐवजी अधिक चांगली झालेली असे. तिला ‘व्हिन्यु दा रोदा’ म्हणत, फेरा मारून आलेली वाइन. पुढे मादेइरात वाइन मुद्दाम तापवूनच तयार करू लागले. म्हणजे उन्हाला दोष देता येत नाही.

आता सातपुड्याच्या पायथ्याशी परत जाऊ. तिथली दारू मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची रसाळ, फिकट पिवळी फुले पहाटे टपटप गळतात. बाया-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. फुले वाळवली की मनुकांसारखी दिसतात, आणि त्यांत साखर भरपूर. पाण्यात भिजवून आंबवायची आणि गाळायची. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण, देवकार्य यांपैकी काहीही मोहाच्या धारेशिवाय होत नाही. मध्य भारतात मोहाची झाडे कुटुंबाकुटुंबांत वाटलेली असतात. झाड रानात उभे असले तरी फुले कुणी वेचायची हे गावाला ठाऊक असते, आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे जातो. वाइनवाले ज्याला एका मळ्याचे वैशिष्ट्य म्हणतात, त्याची सगळी सामग्री इथे आहे. तेच झाड, तीच जमीन, तेच घर, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात.

नाही ती फक्त जुनी बाटली.

त्याचे एक कारण रीतीत आहे. या लोकांनी साठवण केली ती फुलांची, दारूची नव्हे. वाळलेले मोह घरात असले की हवी तेव्हा ताजी दारू गाळता येते, आणि वेळ पडली तर तीच फुले शिजवून पोट भरता येते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या किती घरांना मोहाने तगवले! असे अन्न दारूत रूपांतरित करून वर्षानुवर्षे अडकवून ठेवण्याची चैन कुणाला परवडणार?

पण दुसरे कारण रीतीतले नाही, ते कायद्यातले आहे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि हा मुलूख त्यांच्या हाती गेला. मग आली अबकारी. दारू गाळण्याचा हक्क सरकारचा ठरला, आणि सरकार तो लिलावाने ठेकेदाराला विकू लागले. ठेका मुदतीचा. ठेकेदाराला मुदतीच्या आत पैसे वसूल करायचे असतात, त्याने दारू मुरत कशाला ठेवावी? आणि ज्याच्या घरी परंपरेने दारू गाळली जात होती तो एका रात्रीत गुन्हेगार झाला. मुंबई इलाख्याने तर १८९२ साली मोहाच्या फुलांवरच कायदा केला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फूल बाळगण्यावरही निर्बंध आणले. मध्य प्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा, आणि मध्य प्रदेशात आजही मूळ कायदा तोच आहे. पुढे आदिवासींना घरच्या वापरापुरती थोडी दारू गाळण्याची सूट मिळाली, पण विकण्याची नाही, आणि मर्यादेपलीकडे साठवण्याचीही नाही.

विचार करा. ज्या घरावर कधीही धाड पडू शकते, त्या घरात दारूचा घडा दहा वर्षे कोण ठेवील? ती आज गाळायची आणि आज संपवायची. पुढे बाहेरचे लोक तिला चव घेऊन नाके मुरडतात, की मोहाची दारू म्हणजे कच्ची, उग्र, वासाची. ती कच्ची आहे कारण तिला पिकायला वेळच दिलेला नाही.

गोव्याने हा अनुभव थोडक्यात घेतलेला आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात मिठाबरोबर अबकारीचाही समावेश होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातली अबकारीची पद्धत गोव्यात आली. आपल्या मिठागरांचे हाल झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच काळात रेंदेरांनाही जाच झाला. १८९२ साली तहाची मुदत संपली आणि तो नूतनीकरण न होता विरला. बारा वर्षे! सातपुड्यातल्या माणसाला तोच जाच शंभर वर्षांहून अधिक सोसावा लागला. आपल्याकडे परवाने होते, पावण्या होत्या, कर होते, पण फेणी घरात ठेवणे हे पाप कधी झाले नाही. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली ‘देशी दारू’च्या यादीतून काढून सरकारने तिला गोव्याचे वारसा पेय म्हटले. हे शक्य झाले कारण वारसा म्हणून दाखवायला काही उरलेले होते.

आता मोहाचेही दिवस पालटत आहेत. २०१८ साली डेझमंड नाझारेथ यांनी मोहाची दारू बाटलीबंद करून बाजारात आणली, आणि ती आधी विकली गेली गोव्यात, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. मध्य प्रदेश सरकारने २०२१ साली मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणण्याचे जाहीर केले, पुढच्या वर्षी धोरण आणले आणि आदिवासी बचतगटांना ती गाळून विकण्याची वाट मोकळी केली. अलीराजपूरची ‘मोंड’ आणि डिंडोरीची ‘मोहुलो’ ही त्यांतली पहिली नावे. दोन्ही ठिकाणे पांढुर्ण्यापासून लांब, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाची दारू काढली.

हे सगळे चांगलेच. पण बाटलीवर ‘वारसा’ लिहिणे सोपे असते, बाटली ठेवून देणे कठीण. जुनी दारू करायची तर आज गाळलेल्यातली काही न विकता ठेवावी लागते, आणि ते पैसे पाच-दहा वर्षे अडकतात. बचतगटातल्या बाईला ते एकटीने पेलणार नाही. तिथे सरकारने आधार द्यायला हवा, गोदामाचा, कर्जाचा, आणि मुख्य म्हणजे उद्या कायदा पुन्हा फिरणार नाही या शाश्वतीचा. अकलूजच्या मळ्याला ती शाश्वती होती, म्हणून २००९ सालच्या वाइनचा इतिहास सांगता येतो. सौसरच्या एखाद्या गोंड घरातल्या मोहाला ती मिळाली, तर आणखी पंधरा वर्षांनी तिथेही पेले ओळीने मांडता येतील. एकाच झाडाखालची फुले, वर्षे वेगवेगळी.

आणि आपल्या घरच्या फेणीपुरते एक काम आपण आजच करू शकतो. गराफांवावर वर्ष आणि भट्टीचे गाव लिहून ठेवायचे. आजीच्या काळची म्हणून सांगितली जाणारी फेणी नेमकी कुठल्या सालची, कुठल्या भाटातल्या काजूची, हे बहुतेक घरांत आता कुणालाच सांगता येत नाही. ज्यांना ठेवण्याची मुभा मिळाली, त्यांनी निदान तेवढी नोंद तरी ठेवावी.