घरातला अजगर : एका पाश्चात्त्य हौसेचा इतिहास

अजगर, बोआ आणि ॲनाकोंडा हे मोठे बिनविषारी साप भक्ष्याला विळखा घालून मारतात. ते भक्ष्याचा श्वास कोंडतात अशी जुनी समजूत होती. विळख्याच्या दाबाने भक्ष्याचे रक्ताभिसरणच थांबते, हे २०१५ मध्ये बोआवर झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. हे साप मुख्यतः आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यांतले. परंतु त्यांना घरात बाळगण्याची हौस फोफावली ती युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या शहरांत. या हौसेकडे सहसा काही माणसांचे धाडस किंवा विक्षिप्तपणा म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तिचा इतिहास ऊब, वाहतूक आणि खाद्य यांच्या सोयींशी बांधलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी एक अर्धवट राहिलेला व्यवहार आहे : विकत घेतले जाते ते पिल्लू, वाढतो तो अजगर, आणि त्या वाढीचा भार कोणी वाहायचा हे विक्रीच्या वेळी कोणी ठरवत नाही.

प्राचीन काळात हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण मोठा साप बाळगणे ही राजाचीच बाब होती. इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याच्यासाठी शिकाऱ्यांनी तीस हात लांबीचा साप जिवंत पकडून अलेक्झांड्रियाला आणला, खाद्य कमी करून त्याला माणसाळवले आणि पुढे परदेशी पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवला जात असे, असे डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार लिहितो. रोममध्ये ऑगस्टसने पन्नास हातांचा साप लोकांना पाहण्यासाठी मांडला होता, तर त्याच्यानंतरच्या टायबेरियस या सम्राटाने एक साप पाळून त्याला स्वतःच्या हाताने भरवले, अशा नोंदी स्वेटोनियसच्या चरित्रग्रंथात आहेत. त्यांतली मापे अतिशयोक्त असली, तरी दरबारात सापाचे स्थान काय होते हे त्यांवरून कळते. सामान्य रोमन घरांतही साप असत. पण ते वैद्यकदेवता ॲस्क्लेपियसशी जोडलेले, सडपातळ आणि स्थानिक जातीचे, म्हणजे घराच्या आवाक्यातले होते.

घर आणि अजगर यांच्या नात्याचा याहून वेगळा नमुना पश्चिम आफ्रिकेत आढळतो. आजच्या बेनिन देशातील उइदा या किनारी गावात डांगबे या देवतेचे रूप मानल्या गेलेल्या लहान अजगरांचे मंदिर आजही आहे. डच व्यापारी विलेम बोसमान याने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिनी किनाऱ्याच्या वर्णनात तिथल्या सर्पपूजेची सविस्तर हकिकत दिली असून, आपल्या घरात शिरलेला साप मारणाऱ्या इंग्रजांना त्यासाठी प्राण गमवावे लागले, असेही तो सांगतो. या प्रथेत अजगर घरात येऊ शकत होता, पण तो कोणाच्या मालकीचा नव्हता. त्याला विकता येत नव्हते, मारता येत नव्हते, आणि घरात आढळल्यास सन्मानाने बाहेर नेऊन सोडण्याची रीत होती. धोक्याची चाहूल लागताच अंगाचा गोळा करणारा हाच साप पुढे बॉल पायथन किंवा रॉयल पायथन या नावांनी जगाच्या बाजारात सर्वाधिक विकला जाणारा अजगर ठरला.

युरोपात मोठे साप सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले ते एकोणिसाव्या शतकात, वसाहतींतून ये-जा करणाऱ्या जहाजांमुळे. पूर्व लंडनच्या गोदीजवळ रॅटक्लिफ हायवेवर चार्ल्स जॅमराख याचे प्राण्यांचे दुकान होते, आणि खलाशांनी आणलेले वाघ, माकडे, पोपट यांच्या जोडीला तिथे सापही विकले जात. ग्राहक मुख्यतः प्राणिसंग्रहालये आणि गावोगाव फिरणारी प्राणिप्रदर्शने हेच होते. अशा सापांना थंडीपासून वाचवण्यासाठी पेटीत कांबळी घालत, आणि त्या काळच्या लिखाणात भुकेल्या अजगराने भक्ष्यासोबत कांबळेच गिळल्याच्या हकिकती आहेत. टॉवर ऑफ लंडनमधील प्राणिसंग्रहाचा प्रमुख आल्फ्रेड कॉप्स अजगराला कोंबडी देत असताना त्याच्याच गळ्याभोवती विळखा पडला, आणि मदतनीस धावून आले म्हणून तो वाचला. १८४९ मध्ये लंडनच्याच रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी असलेले जगातले पहिले दालन उघडले, तेव्हा उबदार हवा हीच या प्राण्यांची पहिली गरज असल्याचे वास्तुरचनेतच मान्य झाले.

याच शहरात खासगी घरातील अजगरांची पहिली गाजलेली कहाणी घडली. १८७२ मध्ये टाइम्स या वृत्तपत्रात छापून आलेल्या एका पत्रात लंडनच्या एका दांपत्याच्या घराचे वर्णन होते : यजमानांनी कपाटातून एक बोआ, एक अजगर आणि काही लहान साप काढले आणि ते लिहिण्याच्या टेबलावर दौती, टाक आणि पुस्तके यांच्यामध्ये निवांत पसरले. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे हे प्रकरण चर्चेत आले होते. जॉर्ज रोमेन्स याने १८८२ च्या आपल्या प्राण्यांच्या बुद्धीवरील ग्रंथात ते पत्र उद्धृत केले, कारण साप माणसाला ओळखतो का, हा तेव्हा शास्त्रीय प्रश्न बनला होता. मात्र या दांपत्याची हौस कितीही खरी असली, तरी ती पसरण्याजोगी नव्हती. कोळशाच्या शेगडीवर तापणाऱ्या घरात उष्ण प्रदेशातला प्राणी हिवाळ्यामागून हिवाळे जगवणे हे सातत्याने जमणारे काम नव्हते.

उष्णतेचे हे गणित शास्त्रज्ञांना हळूहळूच उलगडले. सापाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करत नाही आणि ऊन, दगड किंवा हवा यांच्यातून ती घेते, हा सामान्य नियम. त्यामुळे मादी अजगर अंड्यांना वेटोळे घालून स्वतःच्या उबेने ती उबवते, हे भारतातून परतलेल्या लामार-पिको या फ्रेंच निरीक्षकाचे म्हणणे सुरुवातीला कोणी मानले नाही. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांवर बसलेल्या मादीचे तापमान मोजून वॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने ते खरे ठरवले, आणि स्नायूंच्या थरथरीतून ही ऊब निर्माण होते, हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील मादीवर केलेल्या अभ्यासाने १९६६ मध्ये स्पष्ट झाले. अंडी कोणत्या तापमानाला फुटतात हे कळले की पैदास माणसाच्या हाती येते, आणि पैदास हाती आली की व्यापाराचे स्वरूप पालटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही हौस घरोघर पोहोचली त्यामागे अशाच साध्या सोयी होत्या. विमानाने पिल्ले काही तासांत परदेशी पोहोचू लागली. विजेची गादी आणि तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट यांमुळे पेटीतला उन्हाळा बारमाही झाला. आणि मारून गोठवलेले उंदीर पाकिटात मिळू लागल्याने जिवंत भक्ष्य सांभाळण्याची कटकट संपली. अजगराला रोज फिरवावे लागत नाही, तो ओरडत नाही, आठवडाभर उपाशी राहिला तरी कुरकुरत नाही, त्यामुळे शहरी सदनिकेला तो सोयीचा वाटला. अमेरिकेत सर्वाधिक पसंती मिळाली ती थायलंड आणि पुढे व्हिएतनाममधून येणाऱ्या बर्मी अजगराला, कारण त्याचे पिल्लू देखणे, शांत आणि स्वस्त असे. १९९६ ते २००६ या काळात त्या देशात सुमारे ९९,००० बर्मी अजगर आयात झाले. परंतु अंड्यातून निघताना जेमतेम दोन फुटांचा असलेला हा साप चांगले खाद्य मिळाल्यास वर्षभरात सहा-सात फूट वाढतो आणि पुढे पंधरा फुटांच्याही वर जातो.

बॉल पायथनचा व्यापार वेगळ्या वाटेने वाढला. घाना, टोगो आणि बेनिनमध्ये गाभण माद्या आणि बिळातील अंडी गोळा करून ती बंदिस्त जागेत उबवायची आणि पिल्ले निर्यात करायची, अशी पद्धत रूढ झाली. १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून अधिक जिवंत बॉल पायथन बाहेर गेले. १९९२ मध्ये अमेरिकेत पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या बॉल पायथनची बंदिवासात पैदास झाली, तेव्हापासून रंग आणि नक्षी यांच्या आनुवंशिक वाणांचा बाजार उभा राहिला, आणि दुर्मीळ वाणाच्या एका पिल्लासाठी हजारो डॉलर मोजले गेले. या निवडीचा तोटा सापालाही झाला. कोळ्यासारख्या नक्षीच्या स्पायडर या वाणात डोके सतत डोलत राहण्याचा मज्जासंस्थेचा दोष उपजतच येतो. बॉल पायथन चार-पाच फुटांवर थांबतो, त्यामुळे जागेचा प्रश्न सौम्य होतो. वयाचा मात्र होत नाही. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाला १९६१ मध्ये एका खासगी मालकाने दिलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली.

जुन्या युरोपात वाढलेला अजगर शेवटी प्राणिसंग्रहालयाच्या किंवा प्रदर्शनाच्या दारी जात असे, आणि जो निसटे त्याला थंडी संपवत असे. थंडी ही या हौसेची न दिसणारी वेस होती. दक्षिण फ्लॉरिडात ती वेसच नव्हती. तिथल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात १९७९ मध्ये पहिला बर्मी अजगर सापडला, आणि २००० मध्ये तिथे त्याची पैदास होत असल्याचे मान्य झाले. १९९२ च्या अँड्र्यू वादळात एक सर्पपैदास केंद्र उद्ध्वस्त झाल्याकडे बोट दाखवले जाते. पण १९७९ ची नोंद त्याआधीची आहे, आणि नको झालेले पाळीव साप सोडून देण्याचा त्यातला वाटा नाकारता येत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १९९० च्या दशकाच्या तुलनेत उद्यानाच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकूनची संख्या ९९ टक्क्यांनी आणि रानमांजर बॉबकॅटची ८७ टक्क्यांनी घटली होती. राज्य सरकारने २००६ पासून नको झालेला प्राणी विनादंड जमा करण्याची सोय सुरू केली, २००८ मध्ये परवाना आणि त्वचेखाली ओळखचिप सक्तीची केली, आणि २०१० मध्ये बर्मी अजगर पाळण्यासाठी नव्याने घेण्यास बंदी घातली. केंद्र सरकारने २०१२ मध्ये चार आणि २०१५ मध्ये आणखी चार जातींच्या मोठ्या सापांची आयात रोखली. ब्रिटनच्या १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्यात मात्र अजगर आणि बोआ नाहीत. तिथली थंडी अजूनही अर्धे काम करते.

भारताचा या इतिहासाशी संबंध दुहेरी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ पासून भारतीय अजगर पाळणे आणि विकणे बेकायदा ठरले, आणि सापाच्या कातड्याच्या धंद्यालाही आळा बसला. त्या धंद्यासाठी साप पकडणाऱ्या तमिळनाडूतील इरुळा जमातीचे कसब मात्र टिकले, आणि २०१७ मध्ये त्यांच्यातील दोघांना अजगर शोधण्यासाठी फ्लॉरिडात बोलावून घेतले गेले. म्हणजे पाश्चात्त्य हौसेने मागे ठेवलेला पसारा आवरण्यासाठी, ज्यांच्याकडे अजगर कधी पाळीव नव्हता त्यांचे ज्ञान कामी आले. दुसरीकडे तीच हौस आता उलट्या दिशेने येत आहे. परदेशी जातींना जुना भारतीय कायदा लागू नसल्याने त्या बाळगणे अनेक वर्षे मोकळे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातील खाऊच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन सापडले.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने परदेशी संरक्षित जाती त्याच्या कक्षेत आल्या, आणि असा प्राणी जवळ असणे, तो दुसऱ्याला देणे, त्याला पिल्ले होणे आणि त्याचा मृत्यू, या सर्वांची नोंद करणे मालकावर बंधनकारक झाले. ही तरतूद वरवर कारकुनी वाटते. पण जॅमराखच्या दुकानापासून एव्हरग्लेड्सच्या दलदलीपर्यंत जो हिशेब कोणीच मांडला नव्हता, तोच ती मागते. पिल्लाच्या किमतीबरोबर त्याच्या पुढच्या तीस वर्षांची जबाबदारीही मालकाच्या नावे लिहिली गेली, तरच हा व्यवहार पूर्ण झाला असे म्हणता येईल.