वल्हांडण : एका शब्दाचा अर्थ आणि इतिहास

मराठी बायबल वाचताना 'वल्हांडण' या शब्दापाशी बहुतेक विद्यार्थी अडखळतात. वलांडणे म्हणजे ओलांडणे. त्यावरून आलेले हे नाम आज बायबलबाहेर क्वचितच भेटते. ज्यूंच्या 'पेसाह' सणासाठी भाषांतरकारांनी ते योजले. ईस्टरचा अर्थ समजून घ्यायचा तर 'ईस्टर' या नावापेक्षा हाच शब्द अधिक उपयोगी ठरतो. 'ईस्टर' हे नाव एका अँग्लो-सॅक्सन देवतेवरून आले असे आठव्या शतकातील इतिहासकार बीड सांगतो. ग्रीक व लॅटिन ख्रिस्ती जगात मात्र पेसाहवरूनच आलेला 'पास्का' हा शब्द रूढ होता. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात पोचला, आणि कोकणीत ईस्टर हे 'पास्कांचें फेस्त' झाले.

पेसाहची कथा 'निर्गम' या ग्रंथातली. मिसर देशात दास्यात असलेल्या इस्राएल लोकांनी कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले, आणि मृत्यू ती घरे ओलांडून गेला. पुढे ते लोक समुद्र ओलांडून मुक्त झाले. येशूला क्रुसावर खिळले ते याच सणाच्या दिवसांत. म्हणूनच पौलाने पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथच्या मंडळीला लिहिताना ख्रिस्तालाच वल्हांडणाचे कोकरू मानले. ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा व्यर्थ आहे, असेही त्याच पत्रात तो बजावतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. शुभवर्तमानातील लाजर कबरेतून परत येतो, पण तो पुन्हा मरणारच असतो. येशूचे पुनरुत्थान हे असे परतणे नव्हे. तो मृत्यू ओलांडून पलीकडे गेला, आणि त्याच्यामागून इतरांनाही ती वाट खुली झाली, अशी ही श्रद्धा आहे. ईस्टरच्या रात्री नवख्रिस्ती पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेत, त्यामागेही समुद्र ओलांडण्याचीच प्रतिमा होती.

तथापि 'पास्का'चा अर्थ सर्वांनी सारखा लावला नाही. दुसऱ्या शतकात सार्दिसच्या मेलितोने हा शब्द 'दुःख सोसणे' या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडला. व्युत्पत्ती चुकीची होती, पण तिच्यामुळे सणाचा भर क्रुसावरील यातनांवर गेला. इ. स. ४००च्या सुमारास ऑगस्टीनने ती चूक दाखवली. शब्द ग्रीक नसून हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ 'पार जाणे' असा आहे, हे त्याने योहानाच्या शुभवर्तमानाच्या आधारे मांडले.

तारखेचाही वाद होताच. आशिया मायनरमधील ख्रिस्ती हा सण ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये रविवारचा आग्रह होता. इ. स. १५५च्या सुमारास स्मर्नाचा पॉलिकार्प आणि रोमचा बिशप अनिसेटस यांची भेट झाली. दोघांनीही एकमेकांचे म्हणणे मान्य केले नाही, तरी ते एका वेदीपाशी प्रभुभोजनात सहभागी झाले आणि स्नेहाने निरोप घेतला. पुढे इ. स. १९०च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करू लागला, तेव्हा इरेनियसने त्याला याच भेटीची आठवण करून दिली.

इ. स. ३२५मध्ये निकियाच्या परिषदेने सर्वांसाठी एकच रविवार ठरवला. त्यानंतर सम्राट कॉन्स्टन्टाईनने मंडळ्यांना पाठवलेले पत्र युसेबियसने जपून ठेवले आहे. सणाच्या बाबतीत ज्यूंशी काहीही समान असू नये, असे त्यात तुच्छतेच्या भाषेत लिहिले आहे. प्रश्न केवळ गणिताचा असता तर ही भाषा लागली नसती. ज्या कथेतून सणाला अर्थ मिळाला, ती कथा सांगणारेच आता परके ठरले. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकता येणार नाही, असे रोमन कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हणायला १९६५ साल उजाडावे लागले.

तरीही ईस्टरच्या जागरण-विधीत निर्गममधील समुद्र ओलांडण्याचा उतारा कॅथलिक चर्चमध्ये आजही वाचला जातो. तो गाळता येत नाही. मराठीपुरते पाहिले तर ज्यूंचा सण आणि ख्रिस्ताचे बलिदान या दोहोंसाठी आपल्या बायबलात 'वल्हांडण' हा एकच शब्द आहे. परिषदेने आणि सम्राटाने तोडलेला संबंध त्या शब्दात शाबूत राहिला आहे. विद्यार्थी त्यापाशी अडखळतात तेव्हा शिक्षकाने नुसता प्रतिशब्द सांगून पुढे जाऊ नये, ते एवढ्यासाठीच.