ईटन्स रँच

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, बिगहॉर्न पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वुल्फ क्रीक या ओढ्याकाठी वसलेली ऐतिहासिक रँच. शेरिडन शहराच्या पश्चिमेस असून क्षेत्र सुमारे ७,००० एकर. पैसे घेऊन पाहुणे उतरवून घेणाऱ्या रँचांत, म्हणजे ‘डूड रँच’ प्रकारात, ती सर्वांत जुनी मानली जाते. वाटाड्याबरोबर डोंगरात घोड्यावरून केलेली रपेट हे तिचे मुख्य आकर्षण.

पिट्सबर्गचे हॉवर्ड ईटन १८७९ मध्ये डकोटा प्रदेशात आले. पुढे विलिस आणि ऑल्डन हे भाऊही त्यांना येऊन मिळाले. मेडोराजवळ लिटल मिझुरी नदीकाठी त्यांनी ‘कस्टर ट्रेल’ रँच उभारली. तिथे गुरे होती, शिकार होती आणि पूर्वेकडच्या शहरांतून येऊन महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारे मित्र होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट हे या भागातले त्यांचे शेजारी. फुकटच्या पाहुणचाराने खर्च हाताबाहेर जाऊ लागला, तेव्हा १८८२ मध्ये एका पाहुण्यानेच राहण्या-जेवणाचे पैसे देऊ केले आणि ती रीत रुजली. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात त्या मुलखातली असंख्य गुरे मेली, अनेक रँचा कायमच्या मोडल्या. गुरांपेक्षा पाहुण्यांचे उत्पन्न भरवशाचे, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

१९०४ मध्ये ईटन बंधूंनी वायोमिंगात बिऱ्हाड हलवले ते पाहुण्यांना फिरण्यासाठी अधिक चांगला आणि विविध भूभाग मिळावा म्हणून. माळ, दऱ्या आणि वर पाइनची जंगले एकाच दिवसाच्या रपेटीत गाठता येतात. हा सारा परिसर त्याआधी क्रो, शायेन आणि लकोटा लोकांचा होता, हेही या इतिहासात नोंदवलेच पाहिजे.

हॉवर्ड हे त्या काळचे फार मोठे वाटाडे. यलोस्टोन आणि ग्लेशियर या राष्ट्रीय उद्यानांतून ते घोडेस्वारांचे तांडे कित्येक दिवसांच्या सफरीवर नेत. १९१५ च्या ग्लेशियर सफरीत कादंबरीकार मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट होत्या. सुमारे ३०० मैलांच्या त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. हॉवर्ड १९२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी यलोस्टोनमधील सुमारे १५७ मैलांच्या वाटेला त्यांचे नाव देण्यात आले. आज तिचे काही तुकडेच वापरात आहेत.

अशा रपेटीचे खरे कौशल्य निघण्याआधीच दिसते. घोडी सांभाळणारा रँग्लर पाहुण्याचे वजन, सवय आणि धास्ती ओळखून त्याला घोडा नेमून देतो. नवख्याला शांत, वाट पाठ असलेला घोडा मिळतो. ही पारख चुकली, तर पुढची कितीही चांगली वाट व्यर्थ. मग खोगिराचा तंग आवळायचा, रिकिबी पायाच्या मापाला आणायच्या. खोगीर पुढे बोंड असलेले, मेक्सिकोतल्या स्पॅनिश गुराख्यांच्या परंपरेतले. लगाम एका हातात धरून मानेला टेकवला की घोडा वळतो. डोंगरात एकामागे एक चालतात आणि दोन घोड्यांत अंतर राखतात, नाहीतर मागच्याला लाथ बसायची. चढावर स्वार पुढे झुकतो, उतारावर सरळ बसतो. थोडे अंतर गेल्यावर तंग पुन्हा तपासावा लागतो, कारण खोगीर चढवताना पोट फुगवणारे घोडे असतातच. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळे होतात. त्यामुळे उंच उघड्या धारेवरून वेळेत खाली उतरण्याचा निर्णय वाटाड्याचा असतो आणि त्यावर वाद घालायचा नसतो.

१९२६ मध्ये डूड रँचवाल्यांची संघटना स्थापन झाली. प्रवासी मिळतील म्हणून नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेनेही तिला बळ दिले. ईटन्स रँच पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबाकडे राहिली. हिवाळ्यात तिची घोडी दूरच्या कुरणांत मोकळी सोडतात आणि वसंतात हंगामापूर्वी सुमारे १०० मैल हाकत परत आणतात.