चार ब्लेडची फट

मागच्या दिवाळीत नातवाने पडवीत उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, ही अजून चालते की नुसती ठेवलीय?"

प्रश्न साधाच होता, पण मला लागला. गाडी 1972 सालची जावा. मी ती 1978 मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा मुळशीच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. त्या वर्षी संपूर्ण पावसाळाभर मी तिला हात लावला नव्हता. गुडघा दुखतो हे एक कारण, आणि आळस हे खरे कारण. "चालते तर!" असे मी ठसक्यात म्हणालो आणि किक मारली. वीस किका झाल्या. गाडीने हूं की चूं केले नाही.

त्या निमित्ताने पुढचे चार दिवस पडवीत जे काही झाले, ते सांगायचे आहे. पण इतिहासाच्या मास्तरला आधी थोडे मागे गेल्याशिवाय राहवत नाही.

प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा विभाग विकत घेतला. यानेचेकचे 'या' आणि वाँडररचे 'वा' मिळून 'यावा' हे नाव तयार झाले. आपण ते इंग्रजी वळणाने वाचले आणि जावा केले. मुंबईचे रुस्तुम आणि फारुख इराणी या गाड्या 1950 च्या दशकात आयात करत. पुढे परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला. 1961 पासून तिथे 250 सीसीची जावा तयार होऊ लागली. 1973 पासून तीच येझदी नावाने येऊ लागली. 1996 मध्ये कारखाना बंद झाला.

म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षे मूळ यंत्र थोड्याफार फरकाने तेच राहिले. अर्थशास्त्रवाले याला परवाना राज्याचा दोष म्हणतात, आणि ते खोटे नाही. स्पर्धा नव्हती, गिऱ्हाइकाला नंबर लावून बसावे लागे. आमच्या जिल्ह्यात, आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठीसुद्धा लोक वर्षानुवर्षे थांबत. पण या दोषातून एक गोष्ट आपोआप घडली, तिची नोंद मला कुठे फारशी दिसत नाही. यंत्र बदलत नसल्यामुळे माणसाला ते एकदा शिकले की जन्मभर पुरत असे. गॅरेजमधल्या पोऱ्यापासून माझ्यासारख्या मास्तरापर्यंत पुष्कळांना एक इंजिन आतून बाहेरून पाठ झाले. 1984 नंतर जपानी सहकार्याने तयार झालेल्या 100 सीसीच्या गाड्या आल्या. त्या कमी पेट्रोल पीत आणि क्वचित बिघडत. ते चांगलेच झाले. मात्र गाडी उघडण्याची गरज हळूहळू संपली आणि गरजेबरोबर विद्याही.

मुळशीत ती गरज मोठी होती. पुणे चाळीसेक किलोमीटर, आणि जून ते सप्टेंबर पाऊस असा की छत्री ही केवळ सवय म्हणून धरायची. जावाची मागची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे आमच्या चिखलात ती टिके. पण रात्री वाटेत बंद पडली तर मदतीला कोण येणार? पौडला एक मिस्त्री होते, तेच माझे गुरू. शाळेच्या पायऱ्या त्यांनी चार इयत्तांपलीकडे चढल्या नव्हत्या. पण त्यांनी मला जी तर्कपद्धती शिकवली, ती मला बी. ए.ला कुणी शिकवली नाही.

ते म्हणत, "मास्तर, गाडीला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. एकेक विचारत जा. दोन प्रश्न एकदम विचारू नका."

कितीदा तरी रात्री अंगणात कंदील लावून मी ही परीक्षा घेतली आहे. पेट्रोलमुळे कंदील दहा हात लांब ठेवावा लागे, म्हणजे उजेड नावालाच. समोर मुळशीचे धरण. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह उभा केला, गावे बुडाली, त्याच पाण्यावर खाली भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबईला जात होती. आणि आमच्या वाडीत मी कंदिलाच्या उजेडात स्पार्क प्लग शोधत होतो! तेव्हा हसू यायचे, आता नुसते आठवते.

असो. दिवाळीकडे येतो.

मी ठामपणे म्हणालो, "पॉइंट खराब झाले असणार." नातू हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "आजोबा, आधी तपासायचं ना?" मला मिस्त्रींचाच आवाज ऐकू आल्यासारखे झाले. प्लग काढला, टोपीत बसवला, त्याचा धातू इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी होती. पण प्लग कोरडा ठणठणीत. वीस किकांनंतर तो पेट्रोलने ओला व्हायला हवा होता. म्हणजे ठिणगीचा प्रश्न नव्हता, पेट्रोल आत पोचतच नव्हते. मास्तर नापास.

कार्बोरेटर उघडला. तळाशी तपकिरी चिकट थर, आणि जेटचे बारीक भोक बुजलेले. चूक माझीच होती. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायला हवे होते, ते केले नाही. आजकाल तर हे पथ्य जास्तच पाळावे लागते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. मुळशीच्या हवेत ओल किती, हे मी सांगायला नको. जुन्या गाड्यांचे रबरही त्याला सोसत नाही. म्हणून जुनी गाडी उभी ठेवायची असेल तर आधी तिचे पोट रिकामे करावे, आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालाव्यात. जेट साफ करताना तार घालू नये, भोक मोठे होते. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारावी.

तिसऱ्या दिवशी गाडी पहिल्या तीन किकांत सुरू झाली. निळा धूर, तोच टकटक आवाज. आतून सौ. बाहेर आली आणि काही न बोलता हसून परत गेली.

पण दोन किलोमीटरवर गाडी बंद पडली. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. थंड असताना चालते आणि तापल्यावर बसते, हे लक्षण ऐकले की मिस्त्री गाडीला हात लावण्याआधीच "कंडेन्सर" म्हणत. पॉइंट उघडले तर तोंडे जळून काळी पडलेली. म्हणजे माझे पहिले उत्तर अगदीच चुकीचे नव्हते, फक्त चुकीच्या प्रश्नाला दिले होते.

कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले. आता दोन पॉइंटमधली फट 0.4 मिलिमीटर ठेवायची. नातू मोबाइलवर मापाची पट्टी मागवायला निघाला. मी त्याला थांबवले आणि दाढीची चार ब्लेडे आणायला सांगितली. एका ब्लेडची जाडी 0.1 मिलिमीटर. चार एकत्र धरली की झाले माप. हे मिस्त्रींचे. ब्लेड अडकायला नको आणि सैल हलायलाही नको, अंगठ्याला किंचित ओढ जाणवली पाहिजे. ही ओढ शब्दांत सांगता येत नाही. मी नातवाचा हात धरून ती त्याला दाखवली. चार-पाच वेळा चुकला, मग एकदम म्हणाला, "हां, कळलं."

आता खरा प्रश्न. मुलाचे म्हणणे आहे की गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवून टाका. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला तशी वेगळी नोंदणी मिळू शकते. मान आहे त्यात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. आणि ती मूळ स्वरूपात हवी. माझी गाडी मूळ स्वरूपात आहे का? पायठेवणीचे रबर दुसऱ्याच गाडीचे, सीट पौडच्या गादीवाल्याने शिवलेली, एक झाकण मिस्त्रींनी पत्रा ठोकून केलेले. जाणकार संग्राहक नाक मुरडेल. पण ही ठिगळे काढून अस्सल भाग लावले, तर या गाडीचा मुळशीतला सारा इतिहासच पुसला जाईल, असे मला वाटते. ते झाकण हाच मिस्त्रींचा मागे राहिलेला एकमेव दस्तऐवज आहे. त्यांचा साधा फोटोसुद्धा माझ्याकडे नाही.

मी ठरवले आहे की साध्या नोंदणीचेच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे, जोवर करू देतात तोवर. आणि एक दोनशे पानी वही घेतली आहे. लक्षण, तपासणी, कारण, उपाय, असे चार रकाने आखून पंचेचाळीस वर्षांतले आठवेल तेवढे लिहितो आहे. अंगठ्याची ओढ मात्र वहीत मावत नाही. ती नातवाच्या हातात आहे एवढे समाधान.

गेल्या रविवारी तो एकटाच गाडी घेऊन ताम्हिणीच्या दिशेने गेला. दीड तास झाला तरी परत येईना. मी फाटकाशी उभा. शेवटी लांबून आवाज आला. उतरला तेव्हा हात काळे होते.

"बंद पडली होती का रे?"

"हो. एकेक विचारत गेलो," तो म्हणाला. "ठिणगी नव्हती. प्लग पुसला."

मी त्याला हात धुवायला रॉकेलऐवजी साबण दिला. रॉकेल आता मिळत नाही.